नव्या तांदळाची ओस्ती

ओस्ती म्हणजे मिस्सेची, आम्हा कॅथलिकांच्या मुख्य उपासनेची, भाकर. कागदासारखी पातळ, रुपयाएवढी गोल, बिनमिठाची. वेदीवर फादर तिच्यावर प्रभूचे शब्द उच्चारतात आणि मग ती भाकर राहत नाही, ख्रिस्ताचं शरीर होते, अशी आम्हा कॅथलिकांची श्रद्धा. नवापूरकडच्या डोंगरातल्या एका गावात चार वर्षं ती ओस्ती मी भाजली, माझ्या चुलीवर, माझ्या हातांनी. हे ऐकून लोक म्हणतात, केवढं भाग्य तुमचं! मी काही बोलत नाही. आज बोलते.

आम्ही नगरकडचे. माझे यजमान मिशनच्या शाळेत मास्तर, आणि मिशनने त्यांना पाठवलं थेट पश्चिम खानदेशात, सुरतेच्या रेल्वेलगतच्या डोंगरात. दुसरी जागतिक लढाई चालू होती तेव्हाची गोष्ट. त्या मुलखात ख्रिस्ती झालेले लोक बहुतेक दुसऱ्या मिशनचे; आमची कॅथलिक घरं हाताच्या बोटांवर मोजावीत एवढीच. गावात पोचले तेव्हा मी यजमानांना म्हटलं, "अहो, इथं माणसं राहतात का नुसती झाडंच?" ते म्हणाले, "अगं, हळू बोल." हळू बोलणं मला आजपर्यंत जमलेलं नाही. तिथली बोली मला कळेना, माझी मराठी त्यांना कळेना. बाजारात चालते तशी मोडकीतोडकी अहिराणी बोलून दोन्हीकडचं भागायचं.

फादर राहायला लांब. दोन-तीन महिन्यांतून एकदा रेल्वेने नवापूरला उतरायचे, तिथून बैलगाडीने आमच्याकडे. संध्याकाळी लोकांची पापनिवेदनं ऐकायची, सकाळी शाळेच्या झोपडीत मिस्सा म्हणायची आणि न्याहारी करून दुसऱ्या गावाला निघायचं. फादरची स्वतःची मोठी ओस्ती ते एका चपट्या डबीत आणत. लोकांसाठीच्या लहान ओस्त्या मात्र गाडीच्या धक्क्यांनी चुरा व्हायच्या, पावसाळ्यात सादळायच्या. म्हणून नगरच्या मठातल्या सिस्टरांनी मला लांब दांड्यांचा, दोन पात्यांचा एक लोखंडी साचा दिला होता. पात्यांना मेण पुसायचं, गव्हाच्या पिठाचं सरसरीत पाणी ओतायचं, पाती दाबायची आणि निखाऱ्यावर धरायची. सिस्टरांनी दहा वेळा बजावलं होतं, "गहू आणि पाणी. तिसरं काही नाही." पण त्यांचे नियम शंभर असायचे. केस असे बांधा, पदर असा घ्या, हसताना दात दाखवू नका. त्यातला कुठला नियम देवाचा आणि कुठला सिस्टरांचा, हे मला कधी उमगलंच नाही.

गावात एक म्हातारी होती. नवरा जाऊन वर्षं झालेली, मूलबाळ नाही, गावाच्या टोकाला कुडाचं घर आणि घरामागे भाताचं एवढंसं खाचर. आम्ही जाण्याआधीच तिचा बाप्तिस्मा झाला होता. का झाली ख्रिस्ती, असं मी एकदा विचारलं तर म्हणाली, तापात पडले होते तेव्हा फादरबाबा घरात येऊन जमिनीवर बसला. बस, एवढंच. बाप्तिस्मा झाला, पण ख्रिस्तप्रसाद, म्हणजे मिस्सेतली ती ओस्ती, काही तिला मिळाला नव्हता. त्यासाठी प्रश्नोत्तरं पाठ यावी लागत. फादरांनी विचारायचं आणि तिने सांगायचं, की ही ओस्ती म्हणजे काय, तिच्यात कोण आहे. ते तिला शिकवायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

देवा रे देवा! दगडाला घाम फुटला असता. मी विचारायचे, "पवित्र ओस्तीत कोण आहे?" ती म्हणायची, "भाकर." मी म्हणायचे, "भाकर नाही, आजी. प्रभू येशू ख्रिस्त." ती मान हलवायची, मनापासून हलवायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा, "भाकर." पहिल्या खेपेला फादरांनी विचारलं तेव्हा म्हणाली, "भाकर, पन मीठ नही." दुसऱ्या खेपेला विचारलं तेव्हा जरा विचार करून म्हणाली, "माले कसं माहीत? मी तर कधी खादी नही." फादर पोट धरून हसले, पण दिली मात्र नाही. त्या दिवशी बाकीच्यांनी रांगेत गुडघे टेकले आणि ही मागे कुडाला टेकून बघत राहिली. घरी जाताना माझा हात धरून म्हणाली, "बाई, मरानं पहिले एक डाव माले भेटू दे." एकदा मिळू दे, एवढंच तिचं मागणं. तिचा खोकला तेव्हाच वाढलेला होता, छातीचा भाता झाला होता. मला रडू आलं, आणि रडू आलं की मला राग येतो. मी तिच्यावरच खेकसले, "मग पाठ कर ना!"

तिला एवढी आस का लागली होती, ते मला फार उशिरा कळलं. त्या लोकांत नवं धान्य घरात आलं की कोणी लगेच तोंडात घालत नाही. आधी ते देवाला जातं, मग सगळं भावकीतलं माणूस एकत्र बसतं आणि त्या दिवशी नव्याचा पहिला घास सगळे एकदम खातात. तोपर्यंत घरात पोतं भरलेलं असलं तरी जुनं, किडकं खायचं. ज्याच्याबरोबर नवं खाल्लं तो आपला. म्हातारी ख्रिस्ती झाली आणि दिराच्या घरून तिला नव्याला बोलावणं बंद झालं. भांडण नाही, तंटा नाही. फक्त कोणी बोलवायला आलं नाही. तेव्हापासून ती दर वर्षी आपलं नवं एकटीच खात होती. मिस्सेत सगळे मिळून देवाबरोबर खातात, असं मी शिकवताना म्हटलं असेन, आणि बाकी सगळं विसरून तिने तेवढंच धरून ठेवलं होतं.

त्या साली दिवाळीनंतर फादर येणार असं पत्र आलं. म्हातारीचं भात झोडून झालं होतं, तरी ती नागलीची जुनी भाकरी पाण्यात बुडवून खात होती. मी विचारलं, "आजी, तांदूळ आहे ना घरात? मग ही शिळी नागली कशाला?" म्हणाली, यंदा नवं एकटी खाणार नाही. देवाबरोबर खाणार. आणि दुसऱ्या दिवशी सुपात तांदूळ घेऊन माझ्या दारात हजर. निवडलेला, पाखडलेला, एक खडा नाही.

"देवनी भाकरमा मन्हा तांदूळ घाल," ती म्हणाली.

मी म्हटलं, "आजी, ती भाकर गव्हाची असते. तांदळाची नाही चालत."

"गहू कोना शेतना?"

"विसरवाडीच्या बाजारातला."

"मंग त्यामा मन्हं काय शे? देवले मी काय दिधं?"

सिस्टरांनी शिकवलं होतं की मिस्सा म्हणजे देवाचे आभार मानणं. आणि ही बाई विचारत होती, दुसऱ्याच्या शेतातला गहू देऊन माझे आभार कसे होतील? मी सूप आत घेतलं आणि तिला म्हटलं, बघते.

बघायचं काय होतं? मला 'नाही' म्हणता आलं असतं. पण लढाईमुळे गहू मिळत नव्हता, आणि डबा उघडला तर पिठाला जाळ्या लागलेल्या. चाळून चाळून वाटीभर उरलं. तेवढ्यात सगळ्यांना पुरेल इतक्या ओस्त्या होणार नव्हत्या. शिवाय स्वयंपाक करणाऱ्या बाईला माहीत असतं, तांदळाची पिठी घातली की पदार्थ साच्याला चिकटत नाही, कुरकुरीत होतो. अशी सगळी कारणं माझ्याजवळ होती. मी तिचा तांदूळ जात्यावर दळला, वस्त्रगाळ केला आणि गव्हाच्या पिठात बरोबरीने मिसळला. अर्धं तिचं, अर्धं बाजाराचं. यजमानांना सांगितलं नाही. दोन वर्षांत पहिल्यांदा ओस्त्या एकही न तुटता सुटल्या, पांढऱ्याशुभ्र. मला तर बाई धन्य वाटलं.

म्हातारीला सांगितलं तेव्हा तिने माझ्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. त्यांच्यात तसं करतात की नाही मला ठाऊक नाही. माझं बघूनच शिकली असेल.

संध्याकाळी फादर आले. पापनिवेदन झालं आणि त्यांनी तिला पुढे बोलावलं. आम्ही सगळे श्वास धरून उभे. फादरांनी विचारलं, "आजी, पवित्र ओस्तीत कोण आहे?" म्हातारीने माझ्याकडे एकदा बघितलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "प्रभू येशू ख्रिस्त." लोकांनी हुश्श केलं. फादर म्हणाले, "उद्या सकाळी ये." मी यजमानांना कोपर मारलं, की बघा, शिकवलं की नाही!

तेव्हा नियम कडक. ओस्ती घ्यायची तर मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही चालत नसे, फादरांनासुद्धा. सकाळी ती आली तेव्हा खोकून खोकून डोळे लाल झालेले, ओठ कोरडे, पण नवं लुगडं नेसलेली. फादरांनी तिच्या जिभेवर ओस्ती ठेवली. तिने तोंड मिटलं आणि तशीच गुडघ्यांवर राहिली. बाकीचे उठले, ती उठेना. शेवटी मी जाऊन दंडाला धरून उठवलं. घरी गेल्यावर त्या दिवशी तिने नव्या तांदळाचा भात शिजवला, हे मला नंतर कळलं.

मिस्सा झाल्यावर मी फादरांना चहा आणि उकडलेली अंडी दिली. फादर खुशीत होते. म्हणाले, "यंदा ओस्त्या सुरेख झाल्या हो. एकही मोडली नाही." आणि मी, कौतुकाची भुकेली, पटकन बोलून गेले, "नवा तांदूळ घातला ना त्यात!"

फादरांनी कप खाली ठेवला. किती घातला, त्यांनी विचारलं. मी सांगितलं. ओरडले असते तर बरं झालं असतं, मीही ओरडले असते. ते हळू म्हणाले, "बाई, गव्हाशिवाय दुसऱ्या पिठाची ओस्ती ख्रिस्ताचं शरीर होत नाही. माझी मोठी ओस्ती गव्हाची होती म्हणून मिस्सा झाली. लोकांना मी दिलं ते नुसतं पीठ होतं."

म्हणजे त्या दिवशी एकटे फादर जेवले होते. बाकी आम्ही सगळे उपाशी. दोन वर्षं म्हातारी चुकीचं उत्तर देत होती आणि ज्या दिवशी बरोबर दिलं, त्या दिवशी मी तिचं उत्तर खोटं पाडलं. मी चुलीशी बसले. म्हटलं, "मग आता पुन्हा द्या तिला." फादर म्हणाले, त्यांची न्याहारी झाली, आता मिस्सा म्हणता येत नाही, लोकांचाही उपास सुटला. डबीत ओस्ती शिल्लक नाही. उद्या रविवार, पुढच्या गावाला पोचलंच पाहिजे. "मी दोन महिन्यांनी येतो तेव्हा तिला नीट देईन," ते म्हणाले. "तोवर सांगू नका. तिने श्रद्धेने घेतलं आहे, देव जाणतो." आणि गाडीत बसून गेले. दगडावर बैलगाडीची चाकं वाजत होती ती ऐकत मी दारात उभी होते.

ते दोन महिने मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. म्हातारी रोज यायची. पूर्वी कधी गाणं म्हणताना ऐकली नव्हती, आता गवत कापताना काहीतरी गुणगुणायची. तोंड भरून सांगायची, देवाने माझा तांदूळ खाल्ला, मी देवाबरोबर नवं खाल्लं. मी "हो आजी, हो" म्हणायचे आणि तोंड फिरवायचे. कधी तर तिच्यावर चिडायचे, "पुरे झालं आता, किती वेळा तेच!" ती हसायची. मला रोज वाटायचं, आज सांगावं. रोज फादरांचे शब्द आठवायचे आणि हायसं वाटायचं, की नको म्हणालेत ते. त्या हायसं वाटण्याची मला आजही शरम वाटते.

थंडी पडली आणि म्हातारीने अंथरूण धरलं. छातीत पाणी झालं असावं. श्वास घेतला की घरघर ऐकू यायची. यजमान नवापूर स्टेशनला पायी गेले आणि फादरांना तार केली. उत्तर आलं, फादर दौऱ्यावर आहेत, निरोप पाठवला आहे. यजमान फादरांना घ्यायला स्टेशनवरच थांबले. मी म्हातारीजवळ बसले. तिसऱ्या दिवशी सकाळी तिच्या नखांचा रंग बदलला. मी अशी मरणं पाहिली होती. मला कळलं.

"आजी," मी म्हटलं, "धीर धर. फादर येतायत. तुला ख्रिस्तप्रसाद द्यायला येतायत."

ती डोळे न उघडता म्हणाली, "मी खादा ना. पोट भरनं मन्हं." माझं पोट भरलं. कशाला त्या बाबाला एवढ्या थंडीत धावायला लावता, असंही काहीसं पुटपुटली. ती जायला निघाली होती आणि तिला अडवायला माझ्याजवळ काही नव्हतं. फादर येईपर्यंत ती टिकली पाहिजे, नाहीतर माझ्या तांदळाच्या पिठावर तशीच जाईल, एवढं एकच माझ्या डोक्यात घणघणत होतं. तिच्यासाठी की माझ्यासाठी? तेव्हा वाटलं तिच्यासाठी. मी तिचा खांदा हलवला आणि सांगून टाकलं. सगळं. गहू, तांदूळ, अर्धं-अर्धं, फादर काय म्हणाले ते. म्हटलं, "आजी, त्या दिवशी तुला प्रभू मिळालाच नाही. माझी चूक झाली. म्हणून थांब, आज खरा मिळेल."

तिने डोळे उघडले. इतके स्वच्छ डोळे त्या तीन दिवसांत दिसले नव्हते. समजलंच नसेल असं मला क्षणभर वाटलं, देवाकडे मी तेच मागत होते. पण तिला समजलं होतं. तिने एकच विचारलं.

"मंग त्या दिन मी कोनासंगे खादं?"

मग त्या दिवशी मी कोणाबरोबर खाल्लं? त्याचं उत्तर होतं. अगदी सोपं होतं. आमच्याबरोबर, आजी. माझ्याबरोबर. मीही त्याच रांगेत, तुझ्या शेजारी गुडघे टेकून तेच पीठ खाल्लं होतं. पण माझी जीभ उचलेना. त्या दोन वर्षांत तिने मला किती वेळा म्हटलं असेल, बाई, बस, खाऊन जा. मी एकदाही बसले नव्हते. मास्तरांची बायको मी, नगरची शिकलेली. तिच्या मडक्याचा वास मला सहन व्हायचा नाही. काहीतरी काम सांगून मी निघायचे. हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. ख्रिस्ताच्या नावाने तिला एकत्र जेवायचं शिकवणारी मी, तिच्या घरात पाण्याचा घोटसुद्धा घेतला नव्हता. 'माझ्याबरोबर' म्हणायला मी कोण होते?

ती वाट बघत होती. मी तिचे हात चोळत होते, पदराने कपाळ पुसत होते, आणि बोलत काहीच नव्हते. आयुष्यभर नको तिथे बोलत आले, आणि तिथे गप्प बसले. थोड्या वेळाने तिने कुडाकडे तोंड केलं. मी वाटीतलं पाणी ओठांना लावलं, तिने ओठ मिटून घेतले. दुपारची उन्हं दारात आली होती तेव्हा घरघर थांबली.

फादर दुसऱ्या दिवशी पोचले. मी त्यांच्या पायाशी बसून पापनिवेदन केलं. तांदळाचं सांगितलं, तिला सांगितलं ते सांगितलं. ते म्हणाले, "तिची इच्छा होती, तिला मिळालं असंच समजा. देव पिठावर अडून बसत नाही." मी ताडकन म्हटलं, "मग त्या दिवशी का अडून बसलात?" फादरांना माझा राग आला नाही. त्यांनी माझ्यासाठी क्षमेची प्रार्थना म्हटली, तीनदा 'नमो मारिया' म्हणायचं प्रायश्चित्त दिलं. मी ते तिथेच केलं. पण तिने विचारलं आणि मी गप्प बसले, ते मात्र त्यांना सांगितलं नाही. त्यानंतरच्या कुठल्याही फादरना सांगितलेलं नाही.

ख्रिस्तप्रसाद घेतल्यावर आभार मानायला सगळे डोळे मिटतात. मीही मिटते. लोकांना वाटतं, किती भक्ती या बाईची. माझ्या मनात आभार येत नाहीत. मी फक्त मनातल्या मनात म्हणते, माझ्याबरोबर, आजी, माझ्याबरोबर खाल्लंस. आणि ती कुडाकडे तोंड करून पडलेली असते.